आयर्लंडमध्ये शिकायला आलात आणि हर्लिंग किंवा गेलिक फुटबॉलची मॅच बघायचीय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दर सप्टेंबरला डब्लिन, कॉर्क, लिमरिक, गॉलवेला आपली नवीन मुलंमुली येतात, पहिले काही आठवडे रूम, बँक अकाउंट आणि इमिग्रेशनच्या अपॉइंटमेंटमध्ये जातात, आणि मग क्लासमधलं कोणीतरी सहज विचारतं, "संडेला मॅचला येणार का?" तिथून पुढे जे प्रश्न मला परत परत येतात त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवतेय. माझं मत आधीच सांगते, फायनलची वाट बघत बसू नका, पहिली मॅच क्लबची किंवा कॉलेजची बघा. हा देश तिथे जितका लवकर कळतो तितका दुसरीकडे कुठेच नाही.

हे नक्की कोणते खेळ आहेत? सॉकर आणि रग्बी यात येतात का?

नाही. इथे "गेम" म्हटलं की बहुतेक वेळा गेलिक अथलेटिक असोसिएशनचे, म्हणजे जीएएचे खेळ. मुख्य दोन, हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल. बायकांचं हर्लिंग म्हणजे कमोगी, आणि लेडीज फुटबॉल वेगळं. जीएए १ नोव्हेंबर १८८४ ला टिपररी काउंटीतल्या (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) थर्ल्स गावात हेज हॉटेलमध्ये स्थापन झाली. तेव्हा इथे इंग्रजांचं राज्य होतं आणि आपले खेळ आपणच सांभाळायचे या जिद्दीतून हे सगळं उभं राहिलं. आज बहुतेक प्रत्येक गावात, पॅरिशमध्ये (एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत) क्लब आहे.

हर्लिंगमध्ये अ‍ॅशच्या लाकडाची चपटी काठी असते, तिला हर्ली किंवा हर्ल म्हणतात. चेंडू म्हणजे स्लिटर, आकाराने जवळपास क्रिकेटच्या बॉलएवढा पण वजनाला हलका, साधारण ११० ते ११६ ग्रॅम. तो हवेत, जमिनीवर, हातात, काठीवर, कुठेही खेळतात आणि सत्तर-ऐंशी मीटरवरून थेट पोस्टमध्ये मारतात. गेलिक फुटबॉलमध्ये बॉल गोल असतो आणि हातात घेऊन पळता येतं, पण चार पावलांत एकदा तो टप्पा घालून उचलायचा किंवा पायाने टोलवून परत हातात घ्यायचा. प्रेक्षकांतून कोणी "स्टेप्स, रेफ!" म्हणून ओरडलं की समजा, त्यांच्या मते समोरच्याने चारपेक्षा जास्त पावलं टाकलीत.

स्कोअर बोर्डवर ३-२७ वगैरे लिहितात त्याचा अर्थ काय?

डॅशच्या आधी गोल, नंतर पॉइंट. गोलपोस्ट इंग्रजी एच सारखी असते, आडव्या बारच्या खालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे ३ पॉइंट, आणि वरून पोस्टच्या मधून गेला तर १ पॉइंट. पोस्टपाशी पांढरा कोट घातलेले अंपायर उभे असतात, ते पॉइंटला पांढरा झेंडा हलवतात आणि गोलला हिरवा. फुटबॉलमध्ये २०२५ पासून नवीन नियम आले, ४० मीटरच्या कमानीबाहेरून किक वरून गेली तर २ पॉइंट आणि त्याला नारिंगी झेंडा. हर्लिंगमध्ये तसं काही नाही.

डोक्यात पक्कं बसावं म्हणून एक खरं उदाहरण. २०२४ ची ऑल-आयर्लंडची, म्हणजे सगळ्या काउंटींमधल्या मुख्य चॅम्पियनशिपची हर्लिंग फायनल, क्लेअर ३-२९, कॉर्क १-३४. पॉइंट कॉर्कचे जास्त, पण प्रत्येक गोलचे ३ धरून बेरीज केली तर क्लेअर ३८ आणि कॉर्क ३७. एक्स्ट्रा टाइमपर्यंत गेलेली मॅच एका पॉइंटने गेली. पुढच्या वर्षी कॉर्क परत फायनलला, हाफटाइमला टिपररीच्या ६ ने पुढे, आणि अख्ख्या सेकंड हाफमध्ये त्यांना फक्त २ पॉइंट मिळाले, शेवटी टिपररी ३-२७, कॉर्क १-१८. म्हणून म्हणते, हाफटाइमला उठून जाऊ नका, या खेळात सहाची लीड म्हणजे दोन गोल, आणि दोन गोल दोन मिनिटांत होऊ शकतात.

मॅच किती वेळ चालते?

काउंटीच्या सीनियर मॅचला ३५-३५ मिनिटं, क्लबला बहुतेक ३०-३०. मध्ये ब्रेक धरून दीड तासाच्या आसपास. क्रोक पार्कला, म्हणजे डब्लिनमधल्या जीएएच्या मुख्य स्टेडियमला, बऱ्याचदा एकाच तिकिटात पाठोपाठ दोन मॅच असतात, तेव्हा पूर्ण दुपार मोकळी ठेवा.

पहिल्यांदा बघायचं तर हर्लिंग की फुटबॉल?

हर्लिंग, माझ्यापुरता यात प्रश्नच नाही. फुटबॉल समजायला सोपं आहे, सॉकर आणि बास्केटबॉल बघितलेल्याला पंधरा मिनिटांत लय कळते, आणि नवीन नियमांनंतर ते बरंच वेगवान झालंय हेही खरं. पण हर्लिंगचा वेग आणि काठीवर काठी आपटल्याचा आवाज मैदानाच्या कडेला उभं राहूनच कळतो, टीव्हीवर त्यातलं अर्धंही येत नाही. पहिली दहा मिनिटं बॉल दिसणारच नाही, तो शोधायच्या मागे लागू नका, खेळाडूंची मान कुठे वळतेय ते बघा म्हणजे बॉल आपोआप सापडतो. २०१८ मध्ये युनेस्कोने हर्लिंगला कमोगीसकट मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. आणि काळजी वाटत असेल तर, २०१० पासून सगळ्यांना हेल्मेट सक्तीचं आहे.

फक्त हेही बघा की तुम्ही कुठे राहता. केरी, मेयो, डोनेगल म्हणजे फुटबॉल. किलकेनी, टिपररी, लिमरिक, क्लेअर म्हणजे हर्लिंग. कॉर्क, गॉलवे, डब्लिन दोन्ही खेळतात. जिथे लोकांचा जीव ज्या खेळात आहे तिथे तोच बघावा.

मी सप्टेंबरमध्ये आलेय/आलोय, फायनल तर जुलैमध्ये होऊन गेली. आता वर्षभर काय बघायचं?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे म्हणून जरा सविस्तर.

आता सीझन दोन भागांत विभागलाय, जानेवारी ते जुलै काउंटीचा आणि त्यानंतर क्लबचा. म्हणजे तुम्ही विमानातून उतरता तेव्हा क्लब चॅम्पियनशिप ऐन भरात असते. ऑक्टोबरच्या आसपास काउंटी फायनल होतात, म्हणजे त्या काउंटीतला सगळ्यात भारी क्लब कोणता ते ठरतं. पुढे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ते जिंकलेले क्लब प्रॉव्हिन्सच्या (काही काउंटी मिळून झालेल्या प्रांताच्या) विजेतेपदासाठी भिडतात, थंडी, चिखल, दुपारी चारला अंधार पडायला लागलेला, आणि तरी अख्खं गाव कडेला उभं. जानेवारीत ऑल-आयर्लंड क्लब फायनल. काही शे उंबऱ्यांच्या गावातली टीम क्रोक पार्कवर खेळताना बघायला मिळते, आणि त्या दिवशी गावात कोणी मागे राहत नाही.

जानेवारी-फेब्रुवारीत कॉलेजच्या स्पर्धा. फुटबॉलचा सिगरसन कप १९११ पासून, हर्लिंगचा फिट्झगिबन कप १९१२ पासून, आणि मुलींसाठी कमोगीचा अ‍ॅशबोर्न कप. स्टुडंट म्हणून तुमच्यासाठी याहून चांगली सुरुवात नाही. आपल्याच कॉलेजची टीम, मैदान बऱ्याचदा कॅम्पसवर किंवा बसच्या अंतरावर, तिकीट स्वस्त किंवा नाहीच. आणि या टीममधली बरीच मुलं त्यांच्या काउंटीकडूनही खेळतात, म्हणजे ज्याला मे महिन्यात चाळीस हजार लोक बघणार आहेत तो आत्ता तुमच्याच लायब्ररीत बसून असाइनमेंट करत असतो.

जानेवारीअखेर ते मार्च काउंटीची नॅशनल लीग, आणि एप्रिलपासून चॅम्पियनशिप. मुन्स्टर या दक्षिणेकडच्या प्रॉव्हिन्सच्या हर्लिंग चॅम्पियनशिपमध्ये कॉर्क, क्लेअर, लिमरिक, टिपररी, वॉटरफर्ड हे पाच जण एकमेकांशी खेळतात आणि फक्त तिघेच पुढे जातात, त्यामुळे प्रत्येक संडेला कोणाचं तरी वर्ष संपायच्या बेतात असतं. ऐन परीक्षेच्या दिवसांत येतं हे मान्य, तरी एक रविवार काढाच.

ऑल-आयर्लंड फायनलचं तिकीट मिळेल का?

सरळ ऑनलाइन विकत, नाही. फायनलची तिकिटं काउंटी बोर्ड (त्या काउंटीतलं जीएएचं मंडळ) आणि क्लबमार्फत वाटली जातात, वर्षभर क्लबसाठी राबणाऱ्या माणसांना आधी मिळतात, आणि ते योग्यच आहे. तुमचा घरमालक, प्रोफेसर, पार्ट टाइम जॉबवरचा मॅनेजर यांच्यापैकी कोणी क्लबमध्ये असेल तर आधीपासून सांगून ठेवा. सोशल मीडियावर अनोळखी माणसाकडून मात्र घेऊ नका. सेमीफायनलपर्यंतची तिकिटं साधारणपणे सगळ्यांना खुली असतात आणि सेमीफायनल बऱ्याचदा फायनलपेक्षा चुरशीची होते.

मग बाकीच्या मॅचची तिकिटं कुठून आणि केवढ्याला?

काउंटीच्या मॅचची तिकिटं जीएएच्या वेबसाइटवरून, तिकीटमास्टरवर, आणि सुपरव्हॅल्यू किंवा सेंट्रा या दुकानांतही मिळतात. क्लबच्या मॅचसाठी त्या काउंटी बोर्डाची साइट किंवा त्यांचं सोशल मीडिया पेज बघा, तिथे लिंक असते. गेटवर कॅश चालेल असं धरून जाऊ नका, आधी फोनवर घेऊन ठेवा, आणि तिकीट डाउनलोड करून ठेवा कारण गर्दीत नेटवर्क जातं. क्लबची मॅच साधारण दहा-पंधरा युरोच्या घरात, लीगची त्याहून थोडी जास्त. बऱ्याच ठिकाणी स्टुडंट रेट असतो, कॉलेजचं कार्ड खिशात ठेवा.

क्रोक पार्कला कसं जायचं, आणि कुठे बसायचं?

चालत. डब्लिनच्या मध्यातून, ओ'कॉनेल स्ट्रीटवरून, वीसेक मिनिटं लागतात, कॉनली आणि ड्रमकोंड्रा ही रेल्वे स्टेशनंही जवळ आहेत. मॅचच्या दिवशी रस्ता विचारावा लागत नाही, जर्सी घातलेल्या माणसांच्या मागे चालत राहा. वाटेत टोप्या, झेंडे, हेडबँड विकणारे ओरडत असतात. मोठी बॅग नेऊ नका, आत घेऊ देत नाहीत.

स्टेडियममध्ये ८२,३०० माणसं बसतात. डेव्हिन, कुसॅक आणि होगन असे तीन स्टँड, आणि एका टोकाला हिल १६ ही उघडी, उभं राहायची जागा. हिलचं तिकीट सगळ्यात स्वस्त, डब्लिनची मॅच असेल तर ती पूर्ण निळी होते. पहिल्यांदा जाणाऱ्याने मात्र कुसॅक किंवा होगनच्या वरच्या मजल्यावर बसावं, पूर्ण मैदान आणि टीमची रचना एका नजरेत दिसते.

होगन स्टँडचं नाव कशावरून आलं ते आत जाण्याआधी माहीत असू द्या. २१ नोव्हेंबर १९२० ला इथे डब्लिन विरुद्ध टिपररी फुटबॉल मॅच चालू असताना ब्रिटिश फौजेने प्रेक्षकांवर आणि खेळाडूंवर गोळीबार केला. १४ जण गेले, त्यात टिपररीचा खेळाडू मायकल होगन होता, मैदानावरच. जालियनवाला बागेला तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं. इथल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलताना हे दोन्ही प्रसंग एकत्र निघतात, आणि मग ते तुमच्याशी वेगळ्याच आपुलकीने बोलायला लागतात. कुसॅक स्टँडच्या खाली म्युझियम आहे, तिथे हा इतिहास नीट मांडलाय, मॅच नसलेल्या दिवशी वेळ काढून बघा.

डब्लिनबाहेर एकच ठिकाण बघायचं तर?

थर्ल्सचं सेम्पल स्टेडियम. डब्लिन-कॉर्क रेल्वे लाइनवरच आहे, स्टेशनवर उतरून चालत जाता येतं, आणि गावातल्या लिबर्टी स्क्वेअरमध्ये ते १८८४ चं हेज हॉटेल आजही उभं आहे. मुन्स्टरची मोठी मॅच असेल त्या दुपारी दोन्ही काउंटीची माणसं त्या चौकात एकत्र उभी असतात, लाल, निळे-पिवळे, हिरवे सगळे मिसळलेले, आणि मग सगळा लोंढा एकाच रस्त्याने मैदानाकडे निघतो. ट्रेनचं तिकीट आठवडाभर आधी काढा. छोट्या गावांत रविवारी बस फार कमी असतात, म्हणून परतीचं नक्की केल्याशिवाय निघू नका.

दोन्ही टीमचे सपोर्टर वेगवेगळे बसवतात का? भांडणं होतात?

वेगळे बसवत नाहीत, आणि मला या खेळांत सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हीच. समोरच्या काउंटीची आजी तुमच्या शेजारच्या खुर्चीत असते, ती सत्तर मिनिटं रेफ्रीला बोल लावते आणि हाफटाइमला थर्मासमधला चहा तुमच्यापुढे करते. शिव्या ऐकू येतील, बहुतेक रेफ्रीला. पण समोरच्यांनी सुंदर पॉइंट मारला तर त्यालाही टाळ्या पडतात, तुम्हीही बिनधास्त वाजवा.

मी कोणाला सपोर्ट करू?

जिथे राहता त्या काउंटीला. इथे खेळाडू विकत घेतले जात नाहीत, माणूस आपल्या गावच्या क्लबकडून आणि आपल्या काउंटीकडून खेळतो, बहुतेक जण आयुष्यभर. म्हणून "तुम्ही कुठले" हा इथला पहिला प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर "मी मूळची साताऱ्याची, आता लिमरिकची" असं दिलं तर कोणी हसत नाही, उलट लगेच क्लबचं नाव विचारतात. डब्लिनला डब्ज म्हणतात, केरीला किंगडम, कॉर्कला रेबेल्स, किलकेनीला कॅट्स, क्लेअरला बॅनर, पेपरमध्ये हीच नावं येतात. काउंटीची जर्सी नवीन घेतली तर महाग पडते, चॅरिटी शॉपमध्ये बघा.

खेळाडूंना खरंच पैसे मिळत नाहीत?

खरंच. प्रवासखर्च वगैरे मिळतो, पण खेळण्याचा पगार नाही. ऐंशी हजार लोकांसमोर फायनल खेळणारा माणूस शिक्षक, शेतकरी, पोलीस किंवा स्टुडंट असतो आणि सुट्टी संपली की कामावर हजर. क्लब तर पूर्ण लोकांच्या अंगमेहनतीवर चालतो, कोणी गवत कापतं, कोणी पोरांना कोचिंग देतं, कोणी लॉटरीची तिकिटं खपवतं. आपल्याकडे गणेश मंडळाचे कार्यकर्ते जसे वर्गणीपासून विसर्जनापर्यंत स्वतःचं घरचं कार्य समजून राबतात तसंच, फक्त इथे ते बारा महिने चालतं.

क्लबच्या मॅचला गेल्यावर काय करायचं असतं? तिथे मी एकटाच परका दिसेन

गेटवर प्रोग्राम मिळत असेल तर घ्या. नावं बऱ्याचदा आयरिशमध्ये असतात, त्यामुळे नंबरावरून ओळखा, १ गोलकीपर, २ ते ७ बॅक्स, ८-९ मिडफिल्ड, १० ते १५ फॉरवर्ड्स. बसायला खुर्च्या असतीलच असं नाही, कडेला कठड्याला टेकून उभं राहायचं. शेजारच्याला फक्त एवढंच विचारा, "कोण चांगलं खेळतंय?" पुढची माहिती आपोआप मिळते, कोणाचा मुलगा कोण, कोणाचे वडील कोणत्या फायनलला खेळले, सगळं. हाफटाइमला लहान पोरं हर्ली घेऊन मैदानात घुसतात, ते बघण्यासारखं असतं.

राष्ट्रगीताच्या वेळी काय करायचं?

उभं राहायचं, टोपी काढायची, मैदानावरच्या झेंड्याकडे तोंड करायचं. गीत आयरिश भाषेत आहे, येत नसेल तर शांत उभं राहिलं तरी चालतं. मोठ्या फायनलला त्याआधी दोन्ही टीम बँडच्या मागे मैदानाला फेरी मारतात, ती चुकवू नका, अर्धा तास आधीच पोहोचा.

मुलींच्या मॅच कुठे बघायच्या?

त्याच मैदानांवर. २०१९ च्या लेडीज फुटबॉल फायनलला क्रोक पार्कवर ५६,११४ लोक आले होते. फायनल उन्हाळ्यात असते आणि तिची तिकिटं पुरुषांच्या फायनलसारखी दुर्मिळ नाहीत, त्यामुळे क्रोक पार्कवर फायनल बघायचीच असेल तर हा सगळ्यात सोपा आणि सुंदर मार्ग. एक फरक लक्षात ठेवा, लेडीज फुटबॉलमध्ये बॉल जमिनीवरून थेट हाताने उचलता येतो, पुरुषांना आधी पायाने उचलावा लागतो.

कपडे आणि खाणं? मी व्हेज आहे

छत्री नको, मागच्याला दिसत नाही. चांगलं रेनकोट जॅकेट, आत दोन थर, हिवाळ्यात जाड मोजे. व्हेजला चिप्स मिळतात, चहा मिळतो, चॉकलेट मिळतं, त्यापलीकडे फार अपेक्षा नको. सँडविच बहुतेक हॅमचं असतं. घरून पराठे करून न्या, शेजारच्यांना एक द्या, पुढच्या मॅचला जागा धरून ठेवतील.

हल्ल्यांच्या बातम्या बघून घरचे घाबरलेत. मॅचला जाणं सेफ आहे का?

२०२५ च्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये भारतीयांवर हल्ले झाले आणि आपल्या दूतावासाने सावधगिरीची सूचना काढली, त्यामुळे घरच्यांची काळजी साहजिक आहे आणि ती हलक्यात घेऊ नका. मॅचची गर्दी मात्र कुटुंबाची असते, आजी-आजोबा, बाबागाडीतली बाळं. पहिल्यांदा तिघा-चौघांनी मिळून जा, रात्री उशिरा सामसूम रस्त्याने एकटं परतू नका. मैदानावर कोणी वर्णावरून काही बोललं तर जवळच्या स्टुअर्डला (गर्दी सांभाळणाऱ्या माणसाला) लगेच सांगा, जीएएचे याविरुद्ध नियम आहेत.

आणि घरच्यांना ही नावंही सांगा. शॉन ओग ओ'हालपिनची आई फिजीच्या रोटुमा बेटावरची, तो कॉर्कचा कॅप्टन म्हणून २००५ मध्ये ऑल-आयर्लंड जिंकला आणि कप घेताना आयरिशमध्ये बोलला. झॅक मोरादी इराकमधल्या कुर्दी निर्वासित कुटुंबातला, लहानपणी लिट्रिममध्ये आला आणि २०१९ मध्ये लिट्रिमकडून क्रोक पार्कवर हर्लिंगचा कप जिंकला. २०२० मध्ये कोविडच्या काळात याच क्रोक पार्कवर ईदची नमाज झाली.

नुसतं बघायचं नाही, खेळायचंही आहे. जमेल?

जमेल. बहुतेक कॉलेजच्या क्लबमध्ये कधीच न खेळलेल्यांसाठी सेशन असतात, सप्टेंबरमध्ये क्लब्स अँड सोसायटीजच्या दिवशी नाव द्या. हेल्मेट आणि हर्ली बऱ्याचदा तेच देतात. क्रिकेट खेळलेल्यांना हर्लिंगमध्ये फायदा होतो, हवेतला बॉल पकडणं आणि टायमिंग आधीच हातात असतं. फक्त बॅट धरतो तशी ग्रिप विसरावी लागते, ज्या हातात जोर जास्त तो हात काठीवर वरच्या बाजूला असतो.

एखादी मॅच चुकली तर कुठे बघू?

मोठ्या मॅच आरटीई या सरकारी चॅनलवर, क्लबच्या बऱ्याच मॅच टीजी४ या आयरिश भाषेच्या चॅनलवर, कॉमेंट्री आयरिशमध्ये पण स्कोअर कळायला अडचण येत नाही. बाकीच्या जीएए प्लस या ऑनलाइन सेवेवर पैसे भरून. घरी टीव्ही नसेल तर रविवारी दुपारी दोनला कोणत्याही पबमध्ये जा, नुसता चहा मागितला तरी चालतो.